कोकणात कलाकारांसाठी राहायची-कामाची जागा बांधायची आहे, आराखड्यावर मतं हवीत

पाणंद

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर जागा आहे. वरच्या अंगाला सडा म्हणजे कातळाचं पठार, मध्ये आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, खाली वहाळ म्हणजे ओढा. जुनं घर पडलं, जोतं तेवढं शाबूत आहे. चुलतभाऊ, बहीण आणि मी, तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे की इथे रिसॉर्ट करायचं नाही. चित्रकार, कुंभारकाम करणारे, लिहिणारे, गाणारे अशा लोकांनी महिना-दोन महिने येऊन राहावं आणि आपलं काम करावं. एका वेळी पाच-सहा जण, त्याहून जास्त नकोत.

एका आर्किटेक्टकडून प्राथमिक आराखडा करून घेतला. कल्पना 'निसर्गप्रेरित' अशी आहे. पानाच्या आकाराची काँक्रीटची छपरं, त्यांना शिरांसारख्या तुळया, दरीकडची पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची, आणि सड्यावर आकाश दिसेल असा उथळ तलाव. थ्रीडी चित्रं बघून घरचे खूश आहेत. मलाही ती आवडली, पण काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. इथे बांधकामवाले, कलाकार आणि कोकणात राहणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून विचारतोय. मोकळेपणाने लिहा.

ओळंबा

खटकतंय ते असं. पिंपळाच्या पानाला लांब शेपटासारखं टोक असतं ते दिसायला छान म्हणून नव्हे, पाणी पटकन निथळून जावं म्हणून. तुमच्या आर्किटेक्टने पानाचा आकार घेतला आणि पानाचं काम सोडून दिलं. काँक्रीटच्या वळणदार छपरावर शिरा काढल्या की प्रत्येक शिरेच्या कडेला पाणी थांबणार, शेवाळ धरणार, आणि चार-पाच वर्षांत तिथूनच ओल उतरणार. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी निसर्गाकडून काय घ्यायचं याचं उत्तर आधी पावसाला विचारायचं.

पश्चिमेची काच तर नकोच. मार्च ते मे दुपारी दोननंतर त्या खोलीत बसता येणार नाही, आणि जूनपासून नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो तो थेट त्या काचेवर. मग एसी आणि पडदे लावणार. दरी बघायला काच आणि दरी झाकायला पडदे!

जोतं शाबूत आहे म्हणता, तर माझ्या मते तुमचा अर्धा आराखडा तिथे आधीच काढून ठेवलेला आहे. जुन्या लोकांनी घराची जागा पाणी, वारा आणि उताराचा अंदाज घेऊनच निवडलेली असते. जोत्याची उंची मोजा, तोंड कुठल्या दिशेला आहे बघा, पागोळ्यांचं पाणी कुठून वाहून जायचं ते शोधा. भिंती जांभ्या दगडाच्या करा. त्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो. पण तो पाणी पितो, म्हणून त्याला रुंद पडवी आणि पुढे आलेलं छप्पर लागतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलात तर आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग दोष चिऱ्याला देतात.

सातबारा

आधी कायद्याचं. जागा वडिलोपार्जित आहे ते बरं, कारण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही आणि असे कितीतरी 'आर्टिस्ट व्हिलेज' तिथेच अडकतात. पण उताऱ्यावर नावं किती आहेत? तुमच्या तिघांचं एकमत म्हणजे सगळ्या सहहिस्सेदारांचं नव्हे. मुंबईतल्या आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांची संमती लेखी घ्या. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर बिनशेतीचं काय ते आधी तहसीलमध्ये विचारा. छप्पर पानाचं की कौलाचं हे त्यानंतर.

पाणंद

@सातबारा, आत्याची दोन मुलं आणि एक काका धरून एकूण सात नावं आहेत. सहा जण तयार आहेत. सातव्याबद्दल इथे लिहीत नाही. :)

@ओळंबा, पडवी-कौलं मान्य, पण मग ते एक जुन्या पद्धतीचं कोकणी घरच झालं ना? कलाकारांसाठी म्हणून त्यात वेगळं काय? आणि दरीचं दृश्य हीच तर आमच्या जागेची मोठी जमेची बाजू आहे.

गेरू

मी चित्रकार आहे, दोन-तीन ठिकाणी अशी राहून आले आहे. वेगळं काय ते मी सांगते, आणि त्यात दरी फार खालच्या नंबरला आहे हो. दृश्य जेवताना हवं, चहा पिताना हवं. काम करताना मला एक मोठी कोरी भिंत लागते, खिळे ठोकले तरी कोणी ओरडणार नाही अशी.

कलाकारांची जागा म्हणून लोक सुंदर खोल्या बांधतात, आणि आम्ही जे करतो ते मुळात घाण काम आहे. रंग सांडतो, टर्पेंटाइनचा वास पसरतो, दगड घडवणाऱ्याची धूळ उडते. तेव्हा फरशी अशी हवी की डाग पडला तर जीव हळहळू नये. साधी शहाबादी किंवा सिमेंटचा कोबा पुरे. हात-ब्रश धुवायला खोल मोरी हवी आणि तिचं पाणी वहाळात जाता कामा नये, हे लिहून ठेवा, कारण रंगांत काय काय असतं ते आम्हाला माहीत आहे. दरवाजा रुंद, सहा फुटी कॅनव्हास आडवा न करता बाहेर नेता येईल असा. आणि प्रकाश उत्तरेचा.

आणखी एक. झोपायची खोली आणि कामाची जागा एकाच छपराखाली देऊ नका. मध्ये निदान शंभर पावलांचं अंतर असू द्या, कलमांमधून जाणारं. सकाळी ते अंतर चालताना काम डोक्यात सुरू होतं. पलंगाच्या पायथ्याशी ईझल असेल तर एक तर झोप लागत नाही नाहीतर काम होत नाही.

ओळंबा

गेरूताईंच्या सगळ्याला +१, फक्त उत्तरेच्या प्रकाशाला एक पुस्ती. हा नियम युरोपातून आलाय, तिथे दुपारचा सूर्य उत्तरेच्या खिडकीत कधीच येत नाही. राजापूर साडेसोळा अंशांच्या आसपास आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर तो मार्चअखेरीपासूनच उत्तरेकडे कललेला उगवतो-मावळतो. जून-जुलै ढगांत जातात म्हणून कळत नाही, पण एप्रिल-मेमध्ये तुमच्या त्या 'शांत' उत्तरेच्या खिडकीतून सकाळी लवकर ऊन थेट कॅनव्हासवर येईल. उपाय सोपा आहे, खिडकी उंचावर घ्या, तिच्यावर छप्पर पुढे काढा आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचे उभे पाखे, म्हणजे बाहेर आलेल्या आडभिंती, द्या.

आवा

कुंभारकामवाले येणार म्हणताय म्हणून लिहितो. भट्टी हा शेवटी कुठेतरी कोपऱ्यात ठेवायचा विषय नाही. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, भाजायला बाराशे अंशांच्या वर तापमान न्यावं लागतं, भट्टी कित्येक तास पेटती राहते आणि थंड व्हायला एक-दीड दिवस जातो. तिला स्वतःचं उंच छप्पर हवं, चारी बाजूंनी मोकळं, आणि वाऱ्याच्या दिशेला ना कलमं ना झोपायच्या खोल्या. सडा जवळ आहे तर वणव्याचं काय? फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत काडीसारखं पेटतं. भट्टीभोवती आणि हद्दीला जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, दर वर्षी काढावी लागेल, ती कोण काढणार ते आत्ताच ठरवा. गॅसची भट्टी घेतलीत तर सिलिंडर पावसाळ्यात तुमच्या रस्त्याने येतात का तेही बघा.

पावसात कच्ची भांडी वाळतच नाहीत. वाळली असं वाटतं, भट्टीत फुटतात. त्यामुळे भट्टीला लागून एक वाळवणाची खोली करा, भट्टीची उरलेली ऊब तिकडे जाईल अशी. चित्रकारांचे कागदही तिथेच ठेवता येतील, त्यांच्यावर बुरशी येते ना.

गेरू

@आवा, वाळवणाची खोली! ही गोष्ट मला एकाही ठिकाणी मिळाली नव्हती. पावसाळ्यात जलरंगाचा कागद कसा मऊ पडतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच याची किंमत कळेल.

खर्ज

गाणारे-वाजवणारे यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, म्हणून मी मध्येच घुसतो.

ते पानाचं वळणदार काँक्रीट छप्पर आमच्यासाठी भयंकर आहे. आतून खोलगट पृष्ठभाग आवाज गोळा करून एकाच जागी फेकतो. तंबोरा लावायला बसलात तर तारेची जवारी, म्हणजे गुंजन, कुठली आणि छपराची गंमत कुठली ते कळणार नाही. त्यात समोर काच. त्यापेक्षा खडबडीत चिऱ्याची भिंत, वर लाकडाचे वासे आणि कौलं, यात आवाज छान बसतो. जुन्या घरांच्या माजघरात गाऊन बघा.

दुसरं, आम्ही पहाटे पाचला खर्ज लावतो आणि चित्रकार मंडळी रात्री तीनला झोपतात. हे दोघे एका पडवीत राहिले तर तिसऱ्या दिवशी भांडण. रियाजाची खोली वहाळाच्या बाजूला, सगळ्यात खाली द्या. पाण्याचा आवाज आम्हाला चालतो, आमचा आवाज वर जाणार नाही. आणि छपराला नुसता पत्रा नको, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, तेव्हा त्या वाळवणाच्या खोलीत आमचाही एक कोनाडा धरा.

चार्ल्सकाठी

इकडून, अमेरिकेतून, एक उदाहरण. न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावात मॅकडॉवेल म्हणून कलाकारांनी राहून काम करायची जागा आहे. एडवर्ड मॅकडॉवेल हे संगीतकार आणि त्यांची पियानोवादक पत्नी मेरियन यांनी ती १९०७ मध्ये सुरू केली. एडवर्ड पुढच्याच वर्षी गेले, नंतर मेरियननी गावोगाव कार्यक्रम करून पैसा उभा केला आणि ती वाढवली. एरवी तिथे बाहेरच्यांना प्रवेश नसतो, वर्षातून एक दिवस स्टुडिओ खुले करतात तेव्हा आम्ही गेलो होतो.

रानात एकमेकांना न दिसणारे तीसेक स्टुडिओ आहेत. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र, दुपारचं मात्र टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, दार न वाजवता. कोणी बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या स्टुडिओत जायचं नाही. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या आहेत, काम करून गेलेला प्रत्येक जण त्यावर सही करतो. वास्तुकला म्हणून त्या इमारती साध्याच, कुठे कुठे तर अगदी मामुली. ती जागा चालते ती त्या टोपलीवर. तुमच्या आराखड्यात स्वयंपाकघर कुठे आहे आणि तिथून खालच्या रियाजाच्या खोलीपर्यंत पावसात डबा घेऊन जाणाऱ्या बाईंची वाट कशी आहे, ते आधी बघा असं सुचवेन.

सातबारा

सुरेख. आणि त्या बाईंचा पगार कोण देणार?

उपरोध नाही, खरंच विचारतोय. आपल्याकडचं चोलामंडल हे कलाकारांचं गाव घ्या. १९६६ साली मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी शहराबाहेर इंजमबाक्कमला जागा घेतली. पैसे आले कुठून? बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या त्यातून. घरं ज्याची त्याने बांधली. ते टिकलं, कारण तिथे राहणाऱ्यांचंच ते होतं. तुमच्याकडे कलाकार दोन महिन्यांनी जाणार, मागे तुम्ही तिघं, त्यातही दोघं मुंबईत. आंब्याच्या उत्पन्नातून ही जागा चालेल का, याचा हिशोब मांडा. नाहीतर तीन वर्षांनी 'होमस्टे, एसी खोल्या, मासे-भात' अशी पाटी लागेल.

पाणंद

हिशोब मांडतोय. कलमं करारावर देणं बंद करून स्वतः केली तर एका स्वयंपाकीण बाईंचा आणि एका गड्याचा वर्षाचा पगार निघेल असा भावाचा अंदाज आहे, बरं पीक आलं तर. वीज-दुरुस्तीला राहणाऱ्यांकडून काही घ्यावं लागेलच.

तलावाबद्दल कोणी काहीच बोललं नाही. तो तरी ठीक आहे का?

सड्यावरची

नाही! मी बोलायचंच बाकी होते.

सडा म्हणजे मोकळी पडीक जागा हा समज आधी काढून टाका. उन्हाळ्यात काळा करपलेला दिसतो, पण पहिल्या पावसाबरोबर तिथे दीपकाडी फुलते, जी कोकणच्या सड्यांपलीकडे जवळपास कुठे नाही. मग सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. त्यांना माती बोटभर लागते, काहींना तीही नाही, खळग्यांत साठलेलं पावसाचं पाणी पुरतं. तुम्ही तलाव करणार म्हणजे कातळ फोडणार, प्लास्टिक किंवा सिमेंट लावणार आणि जे पाणी हजार छोट्या खळग्यांत थांबतं ते एका खड्ड्यात कोंडणार. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून झिरपून खाली विहिरीला आणि वहाळाला जातं, तेही विसरू नका.

आणि राजापूर तालुका म्हणताय, तर कातळशिल्पं आहेत का ते बघितलंत? बारसू, देवाचे गोठणे ही तुमच्याच तालुक्यातली. कोकणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावातल्या गुराख्यांना विचारा, त्यांना खोदचित्रं ठाऊक असतात. मुरूम पसरायच्या किंवा गाड्या वर न्यायच्या आधी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळा सडा पायी फिरा. दुपारी त्या रेषा दिसत नाहीत.

तुमच्या आर्किटेक्टना आकाशाचं प्रतिबिंब हवंय ना? जुलैत सड्यावर जाऊन उभं राहायला सांगा.

मालवणी_झील

ह्या सगळा बरा आसा, पण माकडांचा काय करतलास? आमच्याकडे कौलारू घरा होती ती लोकांनी पत्र्याची केली ती काय हौस म्हणून नाय. टोळी इली की एका दुपारी अर्ध्या छपराची वाट. आणि कौला शाकारूक आता माणूस गावणा नाय, गावलो तर दर ऐकून तुमी खाली बसतलास.

ओळंबा

झीलभाऊंनी मुद्द्याला हात घातला. यावर श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी वापरलेली युक्ती सांगतो. त्यांचं हवामान आपल्यासारखंच. वाश्यांवर आधी नालीदार सिमेंटचे पत्रे टाकायचे आणि त्या पन्हळींत वर अर्धगोल नळीची कौलं बसवायची. पाणी अडवतो पत्रा, ऊन आणि आवाज अडवतं कौल. माकडांनी कौल फोडलं तरी आत गळत नाही, सवडीने बदलता येतं. खर्ज यांची पत्र्याच्या आवाजाची तक्रारही पुष्कळ कमी होईल. फक्त ते जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे नकोत, बिनॲस्बेस्टॉसचे मिळतात.

बावांचा विषय निघालाच आहे तर लुनुगंगा बघून घ्या. १९४८ मध्ये त्यांनी बेंटोटाजवळ तळ्याकाठचा रबराचा जुना मळा घेतला आणि पुढची पन्नासेक वर्षं तो घडवत राहिले. आधी बाग, मग तिच्यात हळूहळू छोट्या छोट्या इमारती. बागेत जागोजागी घंटा आहेत, वेगवेगळ्या आवाजाच्या, कुठली वाजली त्यावरून नोकरांना कळायचं साहेबांना चहा कुठे द्यायचा. (टोपलीपेक्षा मला हे जास्त पटतं, पण मी आळशी माणूस आहे.) सांगायचं ते एवढंच की पाचही खोल्या एका दमात बांधू नका. पहिल्या वर्षी जोत्यावर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि एक साधी कामाची शेड. त्यात लोक राहू देत.

पाण्याचं गणित आत्ताच करा. शंभर चौरस मीटर छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर, गळती-उडती सोडून सव्वादोन लाख धरा. सहा माणसांना रोज प्रत्येकी शंभर लिटर म्हटलं तरी एप्रिल-मेच्या साठ दिवसांना छत्तीस हजार लिटर लागतात. म्हणजे एक चाळीस हजारांची टाकी जोत्याशेजारी बसवली की विहीर आटली तरी टँकर नको. तलावाचे पैसे तिच्यात घाला.

गेरू

'हळूहळू बांधा' याला जोडून: शांतिनिकेतनात १९३५ मध्ये श्यामली हे मातीचं घर बांधलं तेव्हा बाहेरच्या भिंतींवरची उठावचित्रं तिथल्या कलाभवन या कलाशाळेतल्या मंडळींनी केली, शिल्पकार रामकिंकर बैज त्यांत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या काळ्या वसतिगृहाच्या भिंतीही अशाच मुलांनी माती आणि डांबर वापरून भरल्या. तुम्हीही दोन-चार भिंती कोऱ्या सोडा, येणारे काहीतरी करतीलच.

खर्ज

आणि मातीच्या भिंतीच का नकोत मग? चिरा काय, खाण काढूनच येतो. निम्मा सडा असाच गेला.

ओळंबा

बरोबर बोललात, आणि याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मातीची भिंत कोकणात टिकते, शेतातले जुने मांगर, म्हणजे झोपड्या, आहेतच, पण उंच जोतं, रुंद छप्पर आणि दर वर्षी लिंपण हवं. माणसं मिळत नाहीत हे झीलभाऊंनी सांगितलंच. म्हणून पडलेल्या घराचे चिरे आधी मोजा. गावात आणखी पडकी घरं असतील, मालक विकतात. नवा चिरा शक्यतो घेऊच नका.

पाणंद

सगळं वाचलं, भावाला-बहिणीलाही वाचायला दिलं. बहीण म्हणते थ्रीडी चित्रं फ्रेम करून लावू या, पैसे तर दिलेतच.

आत्तापुरतं ठरलं ते असं: सड्यावर काही नाही. जोत्यावर स्वयंपाकघर, जेवायची पडवी आणि दोन खोल्या. कलमांपलीकडे कामाची एक शेड, उत्तरेला उंच खिडकी. वाळवणाची खोली पहिल्याच वर्षी. भट्टी आणि रियाजाची खोली पुढच्या वर्षी, तोवर आवा आणि खर्ज यांनी रागावू नये. दरी जेवायच्या पडवीतून दिसेल.

एक अडलंय. भाऊ म्हणतो जून ते सप्टेंबर बंद ठेवू. रस्ता वाहून जातो, वीज चार-चार दिवस नसते, साप निघतात, दवाखाना लांब.

गेरू

भावाचं ऐका. पाहुण्याला साप चावला तर?

सड्यावरची

बंद ठेवायचं असेल तर मग हे सगळं कशासाठी? जे बघायचंय ते त्याच चार महिन्यांत असतं.

चार्ल्सकाठी

मधला मार्ग: पावसाळ्यात फक्त कोकणातल्या कलाकारांना बोलवा. त्यांना विजेचं कौतुक नाही.

मालवणी_झील

आमका पण वीज लागता हो!

ओळंबा

यंदा काहीच बांधू नका आणि जूनच्या शेवटी आठवडाभर तिघं तिथे जाऊन राहा, शेजाऱ्यांच्या पडवीत. चुन्याची फक्की पावसात राहणार नाही, म्हणून बांबूच्या खुंट्या न्या. जोत्यावरून, कलमांतून, शेडच्या जागेवरून पाणी कुठून कसं वाहतं तिथे खुंट्या मारा आणि फोटो काढून इथे टाका. रस्ता किती वाहून जातो तेही कळेल. मग चालू-बंदचं ठरवू.

पाणंद

जातो. शेजारचे काका हो म्हणालेत, फक्त येताना माकडांसाठी फटाके आणा म्हणताहेत.